चरायला जाणाऱ्या गाईचं दूध मोजायचं तर वासरू तोला

काटोल-नरखेडच्या किंवा पलीकडे आर्वी-कारंजाच्या एखाद्या गोठ्यात जाऊन विचारा, गवळाऊ गाय दूध किती देते? उत्तर येतं, "लोटाभर." हे माप गाईच्या दुधाचं नाही, घरात आलेल्या दुधाचं आहे. त्याच्या चौपट-पाचपट दूध वासरू पिऊन गेलेलं असतं आणि ते कुठेच लिहिलं जात नाही.

वर्धा, नागपूर आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाट पट्ट्यातली ही गाय मुळात बैलासाठी पाळलेली. तिचं दूध गोऱ्ह्याच्या खांद्यात आणि पायात उतरावं हीच अपेक्षा. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या कुरणांवर मांसासाठी गाई पाळतात, त्यांचंही दूध कुणी काढत नाही, ते सगळं वासरालाच जातं. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे आणि हेतू वेगळा आहे, पण मोजणाऱ्यापुढची अडचण एकच: बादलीत न येणारं दूध मोजायचं कसं? तिकडच्या संशोधकांनी जी पद्धत रुळवली तीच इथे चालते. वासराला पिण्याआधी तोलायचं, पिऊ द्यायचं, लगेच पुन्हा तोलायचं. वजनात जेवढी भर पडली तेवढं दूध.

ऐकायला सोपं आहे, करताना चुकायच्या जागा बऱ्याच आहेत.

काटा आधी, गाय नंतर

वासरू चाळीस किलोचं आणि मोजायचं दूध पावणेदोन किलोचं. म्हणजे मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून छोटा आकडा काढायचा आहे, आणि काट्याची सगळी चूक त्या छोट्या आकड्यावर येऊन बसते. १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा काटा प्रत्येक वजनात ५० ग्रॅमपर्यंत चुकू शकतो. दोन वजनं मिळून १०० ग्रॅम, म्हणजे दीड किलो दुधावर सहा-सात टक्के. एवढं चालवून घेता येतं. अर्ध्या किलोच्या टप्प्याचा धान्याचा काटा मात्र इथे बिनकामाचा. ५० ग्रॅमचा टप्पा आणि १०० ते १५० किलोची क्षमता असलेला प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा सगळ्यात बरा. 'होल्ड'चं बटण असेल तर आणखी बरं, कारण वासरू स्थिर उभं राहत नाही आणि आकडा नाचत राहतो.

कापसाचा वेचा तोलायचा टांगता डिजिटल काटा विदर्भात बहुतेक घरी असतो. त्यावर गोणपाटाची झोळी करून महिन्याच्या आतलं वासरू तोलता येतं. पण पोट भरून प्यायलेल्या वासराला झोळीत लटकवलं की पोटावर दाब येतो, ते धडपडतं आणि हमखास मुततं. म्हणून टांगता काटा जन्माच्या वजनासाठी वापरा, पिण्याआधी-नंतरच्या वजनासाठी नको. स्प्रिंगचा जुना काटा तर दोन्हीसाठी नको.

काटा तपासायची रीतही या कामाला धरूनच हवी. नुसतं २० किलोचं माप ठेवून २० दिसलं म्हणजे झालं असं नाही. काट्यावर पाण्याने भरलेल्या दोन कॅन ठेवून साधारण ४० किलो वजन करा, आकडा लिहा. मग अर्ध्या लिटरचं माप पाण्याने भरून ते तीनदा कॅनमध्येच ओता. दर वेळी आकडा अर्ध्या किलोने वाढला पाहिजे. आपल्याला फरक मोजायचा आहे, तेव्हा परीक्षाही फरकाचीच घ्यायची. एका ओतण्याला ५०० आणि दुसऱ्याला ४०० दाखवत असेल तर आधी काट्याखालची जागा बघा. शेणामातीच्या जमिनीवर काट्याचा एखादा पाय खचतो. खाली शहाबादी फरशी टाका, चारही पाय टेकलेत का पाहा.

वर तीन फूट बाय दोन फुटाचं प्लायवूड, त्यावर गोणपाट. गुळगुळीत पत्र्यावर वासराचे खूर घसरतात, आणि एकदा घसरलेलं वासरू दुसऱ्यांदा चढायला तयार नसतं. काटा मोजणीच्या तीन-चार दिवस आधीच गोठ्यात मांडून ठेवा. वासराला रोज एकदा त्यावरून चालवा, गाईलाही तो वास आणि ती वस्तू ओळखीची होऊ द्या. अनोळखी माणूस, नवं कुत्रं, खणखणणारा पत्रा यांपैकी काहीही दिसलं तर गवळाऊ पान्हा चोरते, आणि मग तुम्ही मोजता ते गाईचं दूध नसतं, तिची भीती असते. पहिल्या दिवसाचा आकडा वहीत लिहा, पण हिशेबात धरू नका.

चोवीस तासांचं वेळापत्रक

परदेशी कुरणावर वासरू दिवसभर आईसोबत असतं, त्यामुळे त्याला तोडून ठेवणं हेच तिथलं मोठं काम. आपल्याकडे अर्धं काम रीतच करते. गाय सकाळी गायक्याबरोबर जाते, वासरू दावणीला राहतं, संध्याकाळी गाय परतते. फक्त रात्रीची ताटातूट आपल्याला करायची असते. म्हणून एकदा मोजून दुपटीने गुणण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजा आणि बेरीज घ्या. दिवसा गाय चरलेली असते, चाललेली असते, तापलेली असते. रात्री ती बसून रवंथ करते. दोन्ही वेळचं दूध सारखं असेल असं धरून चालायचं कारण नाही.

आदल्या संध्याकाळी, समजा सहा वाजता, वासरू सोडा आणि कास रिकामी होऊ द्या. हे वजन करायचं नाही. इथून घड्याळ सुरू होतं. वासरू एका सडावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागलं, ढुशा देऊ लागलं आणि गळ्याची हालचाल थांबली की समजा संपलं. धडधाकट वासराला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, वीसच्या पुढे थांबू नका. चारही सडांतून हाताने दोन-दोन पिळून बघा. धार येत असेल तर निपटून काढा. ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि दुसऱ्या दिवशी गाय अचानक जास्त दूध देते म्हणून खूश होतात. ते रात्रीचं उरलेलं असतं.

मग वासरू वेगळं बांधा. आईला दिसेल, हुंगता येईल, पण सडाला तोंड लागणार नाही असं. मध्ये कूड किंवा बांबूचा ताटवा असला म्हणजे दोघंही रात्रभर हंबरत नाहीत. पाणी द्या. सकाळी मोजणीच्या तासभर आधी पाणी-चारा काढून घ्या, नाहीतर पाण्याने भरलेलं पोट घेऊन वासरू दूध अर्धवट सोडतं.

सकाळी सहाला वासराला दहा मिनिटं आधी उठवून उभं करा. बसलेलं जनावर उठलं की बहुधा मुततं, शेण टाकतं. ते वजनाआधी होऊन गेलेलं बरं. मग तोला. आकडा नाचत असेल तर तीन वेळा वाचा आणि मधला घ्या. लगेच आईकडे सोडा, खाली स्वच्छ गोणपाट अंथरा. पिऊन झालं की क्षणभरही न रेंगाळता पुन्हा काट्यावर. गोणपाटावर शेण पडलं असेल तर ते तोलून फरकात मिळवा. मूत जमिनीत मुरलं असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका. पावशेर मूत म्हणजे पावशेर दूध कमी दिसणार, तेव्हा तो आकडा खोडा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. पिताना तोंडाच्या कडेने बराच फेस गळला तरी शेरा लिहा, ते दूध गाईने दिलंय पण काट्यावर आलेलं नाही.

शेवटी कास हाताने निपटून, निघालेलं दूध तोलून मिळवा. वासरू लहान आणि गाय दुभती असेल, विशेषतः पहिल्या महिन्यात, तर ते सगळं दूध पिऊच शकत नाही. हे निपटणं सोडलं तर तुम्ही गाईचं दूध नाही, वासराची भूक मोजली.

साठाव्या दिवशीच्या एका मोजणीचं पान वहीत कसं दिसतं ते बघा. आकडे नमुन्याचे आहेत.

सकाळी ६.१० — पिण्याआधी ४२.६०, नंतर ४४.३०, फरक १.७० किलो. शेण नाही. निपटून ०.१५. एकूण १.८५.

संध्याकाळी ६.०५ — पिण्याआधी ४२.९०, नंतर ४४.७५, फरक १.८५. गोणपाटावर शेण ०.१०. निपटून ०.१०. एकूण २.०५.

दिवसाचं ३.९० किलो. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण १.०३ किलो. म्हणजे ३.९० भागिले १.०३, सुमारे ३.८ लिटर. सकाळी प्यायल्यावर ४४.३० भरलेलं वासरू संध्याकाळी ४२.९० कसं झालं म्हणून दचकू नका. दिवसभरात मूत, शेण आणि श्वासावाटे तेवढं जातंच. म्हणूनच दोन वजनांमधलं अंतर पंधरा-वीस मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही.

वेळ मिनिटांत लिहा. गायकी त्या दिवशी लवकर परतला आणि अंतर ११ तासच झालं, तर आलेल्या दुधाला १२ ने गुणून ११ ने भागा. अंतर १२ तासांच्या आसपास ठेवण्यामागे कारण आहे. तेवढ्या वेळात कासेत दूध साधारण एका वेगाने साठतं. सोळा-अठरा तास ओढलं तर भरलेल्या कासेच्या दाबाने दूध बनणंच मंदावतं आणि आकडा कमी येतो. उलट चार-सहा तासांत मोजून गुणलं तर काट्याची चूकही तेवढ्या पटीने गुणली जाते. सहा तासांच्या मोजणीत १०० ग्रॅमची चूक झाली की दिवसाच्या आकड्यात ४०० ग्रॅमची होते.

अगदी लहान वासराला मात्र बारा तास उपाशी ठेवू नये. पहिला आठवडा चिकाचा, त्यात मोजणी करायचीच नाही. तीन आठवडे होईपर्यंत थांबलेलं उत्तम. त्याआधी मोजायची गरजच पडली तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करा.

वैशाखात वेळापत्रक बदलतं. पारा पंचेचाळीसला टेकला की गाई पहाटे सुटतात, दहा-अकराला सावलीला येतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडतात. तेव्हा मोजणी पहाटे पाचची आणि संध्याकाळी पाचची धरा, दुपारी गाय घरी आली तरी वासरू बांधलेलंच ठेवा. दावणीच्या वासराला त्या दिवसात पाणी कमी पडलं तर मोजणी सोडा, वासरूच हातचं जाईल.

दूध जातं कुठे

आकडा अचानक निम्म्यावर आला की आधी चोर शोधा. सगळ्यात मोठा चोर म्हणजे मागच्या वेताचं वासरू. ते कळपातच चरायला जातं, दिवसभर आईच्या मागे असतं आणि आखरावर, म्हणजे गावाजवळ गुरं गोळा होतात त्या जागी, पोचेपर्यंत दोन सड रिकामे करून ठेवतं. गायक्याला विचारा, तो सांगेल. मोजणीच्या दिवशी त्या वासराला घरी बांधा किंवा त्याच्या नाकावर काटेरी पट्टा बांधा, म्हणजे तोंड लावताच गाय स्वतःच लाथ मारेल. दुसरा चोर रात्रीचं सुटलेलं दावं. सकाळी सड ओले, कास ढिली आणि वासराच्या तोंडाला फेस दिसला तर मोजायच्या भानगडीत पडू नका.

परकी वासरंही पितात. शांत गाय कुणालाही लागू देते, त्यामुळे तिच्या वासराचा आकडा कमी येतो आणि शेजारच्या वासराचा जास्त. गाय कामाची नाही असा शिक्का तिच्यावर बसतो.

तिसरी गोष्ट कासदाह, म्हणजे दगडी. एक सड गरम, कडक, दुधात गाठी. अशा वेळी मोजणी नाही, डॉक्टर. लाळ्या-खुरकूत किंवा ताप येऊन गेलेल्या गाईची मोजणी ती नीट चरू लागल्यावर किमान आठवड्याने करा. माजावर आलेल्या गाईचाही त्या दिवसाचा आकडा धरू नका. ती ना धड चरते, ना धड उभी राहते.

आणि डोळ्यांवर फार विसंबू नका. मोठी लोंबती कास पाहून लोक भाव लावतात. मांसल कास पिऊन झाल्यावरही तेवढीच दिसते. दुधाची कास रिकामी झाली की कातडीच्या घड्या पडतात. पिण्याआधी आणि नंतर कासेवरून हात फिरवला की फरक कळतो, पण तोही लिटरमध्ये सांगता येत नाही.

अर्धी कास वासराला, अर्धी हाताला

वासरू काट्यावर चढतच नसेल किंवा काटाच नसेल तर दुसरी रीत. वासरू लावून पान्हा सुटला की ते एका बाजूच्या दोन सडांना धरू द्या आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या दोन सडांची धार काढा. वासराशिवाय आपली देशी गाय पान्हा सोडत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. काढलेलं दूध तोलून दुप्पट करा.

बाजू म्हणजे डावी किंवा उजवी. पुढची-मागची अशी वाटणी केली तर हिशेब फसतो, कारण मागच्या दोन सडांत दूध जास्त असतं, साधारण दहापैकी सहा वाटे. सकाळी डावी बाजू काढली तर संध्याकाळी उजवी काढा. दोन माणसं लागतात, एक धार काढायला आणि एक वासराचं तोंड आवरायला. वासराला कोणता सड कुणाचा हे कळत नाही, आणि त्याने दुसऱ्या बाजूला चार घोट घेतले की आकडा गेला. हाताने निपटलेलं आणि वासराने ओढलेलं कधी सारखं नसतं. वासरू जास्त ओढतं, म्हणून या रीतीचा आकडा बहुधा थोडा कमीच येतो. तरी सगळ्या गाई एकाच माणसाने पिळल्या असतील तर क्रम लावायला ती चालते.

फॅट तपासायला नमुना हवा असेल तर तो पूर्ण धारेचा घ्या. वासरू लावायच्या आधीचं पहिलं दूध पातळ असतं, साय शेवटच्या धारेत उतरते. वाटीभर पहिलं दूध नेऊन फॅट कमी निघालं म्हणून गाईला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

संशोधनात ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पान्हा सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन देऊन कास पूर्ण रिकामी करतात आणि यंत्राने धार काढतात. ते गोठ्यात करायचं नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपायकारक इंजेक्शन देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे, दंड, कैद किंवा दोन्ही होतात आणि जनावरही जप्त होऊ शकतं. शिवाय त्या इंजेक्शनची सवय लागलेली गाय पुढे वासरालाही नीट पान्हा सोडत नाही.

दोन महिन्यांचं वजन: कमी कष्टाचा अंदाज

ज्यांच्याकडे दहा-पंधरा गाई आहेत त्यांना प्रत्येकीची अशी मोजणी जमणार नाही. त्यांनी वासराची वाढ धरावी. पहिल्या दोन महिन्यांत वासराचं वजन किलोभर वाढायला ढोबळ मानाने दहा लिटर दूध लागतं. काही ठिकाणी आठ, काही ठिकाणी बारा. जन्माचं वजन चोवीस तासांच्या आत घ्या आणि साठाव्या दिवशी सकाळी, पाजण्यापूर्वी, पुन्हा तोला.

वरच्याच नमुन्यात वासरू जन्मतः २० किलो आणि साठाव्या दिवशी ४२.६. वाढ २२.६ किलो, म्हणजे साधारण २२६ लिटर, दिवसाला पावणेचारच्या आसपास. मोजणीतून आलेल्या ३.८ शी हे जुळतं. घरी रोज अर्धा लिटर काढत असाल तर ते मिळवायला विसरू नका, साठ दिवसांचं तीस लिटर होतं. म्हणजे वाढीच्या हिशेबात तीन किलो.

दोन महिन्यांनंतर ही रीत सोडून द्यावी. वासरू गवत, कुटार, ढेप तोंडात घेऊ लागलं की वाढ कशामुळे झाली ते सांगता येत नाही. उलट कमी दुधाच्या गाईचं वासरू लवकर चरायला शिकतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात चांगलं दिसतं, म्हणून फसवतं. जंतांचंही तसंच. पोट मोठं, केस रुक्ष, शेपटीभोवती हगवण असेल तर दूध पोटात जातं पण अंगाला लागत नाही, आणि दोष गाईला मिळतो. जंताचं औषध वेळेवर दिलेल्या वासरांचेच आकडे एकमेकांशी ताडून पाहा.

काटा अजिबातच नसेल तर टेप. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर ८० आणि लांबी ७० असेल तर ४१.३ किलो. टेप दोन सेंटिमीटर सैल लागला, म्हणजे ८२ भरला, की ४३.४. दोन किलोचा फरक, दुधाच्या भाषेत वीस लिटर. म्हणून टेप एकाच माणसाने धरायचा आणि पिण्याआधी-नंतरच्या फरकासाठी तर त्याचा विचारही करायचा नाही.

वेतभराचा हिशेब

एका दिवसाच्या आकड्यावरून गाय ठरत नाही. किमान चार मोजण्या हव्यात: तिसाव्या, साठाव्या, एकशेविसाव्या आणि एकशेऐंशीव्या दिवसाच्या आसपास. प्रत्येक वेळी लागोपाठ दोन दिवस मोजून सरासरी घेतली तर उत्तमच. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तर बिघडत नाही, मोजणीचा खरा दिवस लिहा म्हणजे झालं.

आपल्या नमुन्याच्या गाईचे आकडे अनुक्रमे ४.१, ३.९, ३.० आणि १.८ किलो असे आले आणि ती २४० व्या दिवशी आटली असं धरू. पहिले तीस दिवस ४.१ नेच धरायचे, १२३ किलो. पुढचे तीस दिवस ४.१ आणि ३.९ ची सरासरी ४.०, म्हणजे १२०. पुढचे साठ दिवस ३.४५ ने २०७. त्यापुढचे साठ २.४ ने १४४. शेवटचे साठ दिवस १.८ वरून शून्यावर, सरासरी ०.९, म्हणजे ५४. बेरीज ६४८ किलो, सुमारे ६३० लिटर. गवळाऊचं वेत साधारण ५०० ते ७०० लिटरच्या घरात धरलं जातं, त्यात ही गाय बसते. तुमच्या हिशेबात १,५०० आलं तर आनंद करण्याआधी काटा पुन्हा तपासा.

दुधाचा चढउतार सूत्रात बसवायचीही सोय आहे. वूड यांनी १९६७ साली मांडलेलं सूत्र अजून वापरलं जातं. पण चार बिंदूंवरून वक्र काढण्यात फार हशील नाही, वहीतली बेरीज पुरते.

आकड्यांपेक्षा क्रम जास्त भरवशाचा. प्रत्येक गाईच्या मोजणीत थोडीफार चूक राहणारच, पण सगळ्यांची मोजणी एकाच काट्यावर, एकाच हाताने, त्याच आठवड्यात झाली असेल तर चूक सगळीकडे सारखीच पसरते आणि वरच्या तीन, खालच्या तीन गाई स्पष्ट दिसतात. मधल्यांमध्ये पावकिलोच्या फरकावरून भांडू नये.

तुलना करताना मोसम आणि वेत पाहायलाच हवेत. मृगाच्या पावसानंतर व्यायलेल्या गाईपुढे पोळ्यापर्यंत हिरवं गवत असतं. फाल्गुनात व्यायलेली गाय वाळकी कुसळी आणि वेचून झालेल्या पऱ्हाटीवर दिवस काढते. दोघींचा साठाव्या दिवसाचा आकडा शेजारी शेजारी मांडला तर पहिलीचं कौतुक पावसाचं होईल. पहिल्या वेताची गाय पुढे देईल त्याच्या साधारण पाऊणच दूध देते, तिसऱ्या-चौथ्या वेतात भर येते. पहिलारूला तिसऱ्या वेताच्या गाईच्या रांगेत उभं करून विकून टाकणं ही नेहमीची चूक आहे.

वळू म्हणून गोऱ्हा निवडायचा असेल तर त्याच्या आईचं हे पान आधी उघडा. शिंगं, वशिंड, चाल बघून निवड होते, आईचं दूध कुणी विचारत नाही, आणि मग तीन वर्षांनी त्याच्या कालवडी व्यायल्या की वासरं खंगलेली दिसतात.

राहिला घरच्या लोट्याचा प्रश्न. वासराला रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं दूध हवं. ४२ किलोच्या वासराला ४.२ लिटर. आपली गाय देते ३.८. म्हणजे साठाव्या दिवशी या गाईच्या कासेत घरासाठी काहीही शिल्लक नाही, आणि तरी रोज लोटा भरत असेल तर तो गोऱ्ह्याच्या अंगातून भरतो. काढायचंच असेल तर तिसऱ्या महिन्यापासून, वासरू कुटार-ढेप खाऊ लागल्यावर, एका वेळचे दोन सड. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी सकाळी वासरू तोला. रोजची वाढ साडेतीनशे ग्रॅमच्या, म्हणजे पंधरवड्याला सव्वापाच किलोच्या खाली आली तर आधी लोटा बंद करा, मग गाईची ढेप वाढवा.